गोठ्यातली गोचीड आणि पातेऱ्यातली गोचीड

शिमगा जवळ आला की दोडामार्ग-सावंतवाडीकडच्या गावांत एकच प्रश्न फिरायला लागतो: गुरांना गोचिडी लागल्यात, आता माकडताप येणार का? भीती रास्त आहे, हा ताप गोचीड चावूनच येतो, पण बोट चुकीच्या गोचिडीकडे दाखवलेलं असतं. गाईच्या कासेजवळ एरंडाच्या बीसारखी टम्म फुगून लटकलेली राखाडी गोचीड माणसाला जवळजवळ कधीच चावत नाही. चावणारी पातेऱ्यात, म्हणजे रानातल्या वाळक्या पालापाचोळ्यात बसलेली असते, तिळापेक्षा लहान असते आणि आपल्याला सापडेपर्यंत दोन दिवस काखेत मुक्काम करून झालेला असतो.

भारतात गोचिडींच्या शंभरावर जाती नोंदलेल्या आहेत. त्यातल्या माणसाला नियमित चावणाऱ्या हाताच्या बोटांवर मोजता येतील, आणि त्या जातींतही आयुष्याचा प्रत्येक टप्पा चावतोच असं नाही. त्यामुळे नुसतं 'गोचीड' म्हणून भागत नाही. कुठली जात, कुठला टप्पा, कुठला महिना, हे तीन प्रश्न विचारावे लागतात.

टप्पे आधी बघू. अंड्यातून सहा पायांची अळी निघते. ती खसखशीच्या दाण्यापेक्षा लहान असते. ती एकदा पोटभर रक्त पिते, कात टाकते आणि आठ पायांची होते. या मधल्या अवस्थेला पशुवैद्यक निम्फ म्हणतात. उपाशी निम्फ खसखशीपेक्षा जरा मोठी, तिळापेक्षा बरीच लहान. तीही एकदा रक्त पिते, कात टाकते आणि प्रौढ होते. म्हणजे आयुष्यात तीन जेवणं. ही तीन जेवणं एकाच जनावरावर होतात की तीन वेगवेगळ्या, यावर ती माणसाच्या वाटेला किती येणार ते बरंचसं ठरतं.

गाईच्या अंगावरची नेहमीची गोचीड म्हणजे रिपिसेफॅलस मायक्रोप्लस. जुन्या पुस्तकांत तिचं नाव बूफिलस असं सापडेल. ती एकयजमानी आहे. अळी गवतावरून एकदा गाईवर चढली की पुढची दोन्ही वेळची कात तिथेच टाकते, तिथेच मोठी होते, तिथेच नर शोधते. सुमारे तीन आठवड्यांनी फुगलेली मादी खाली पडते, फटीत किंवा शेणाखाली शिरते, दोन-तीन हजार अंडी घालते आणि मरते. या सगळ्या आयुष्यात जमिनीवरून उठून नवं जनावर शोधायची वेळ येते ती फक्त अळीवर. निम्फ आणि प्रौढ यांना ती गरजच पडत नाही. दूध काढताना मनगटावर एखादी चालताना दिसली तर ती गाईवरून निसटलेली असते. ती चावायची जागा शोधत नसते, खाली उतरायची वाट शोधत असते.

अळ्यांचं मात्र थोडं वेगळं. गुरांच्या वाटेवरच्या गवताच्या पात्यावर शेकड्याने अळ्या एका गठ्ठ्यात बसतात आणि पाय लागला की पिंडरीवर पसरतात. खाज येते, पुरळ उठतं, क्वचित एखादी चिकटतेही. पण या जातीचा आजार गुरांचा आहे: बबेसिया, म्हणजे लाल लघवीचा रोग. गुरासाठी तो जीवघेणा ठरू शकतो, तेव्हा गोठ्यातल्या गोचिडीकडे दुर्लक्ष करा असा याचा अर्थ नाही. फक्त माकडतापाचं खापर तिच्या माथी मारू नका.

माकडतापाची गोचीड हीमाफायसॅलिस स्पायनिजेरा. हा ताप १९५७ साली कर्नाटकात शिमोग्याजवळच्या क्यासनूर जंगलात पहिल्यांदा ओळखला गेला, म्हणून त्याचं अधिकृत नाव क्यासनूर फॉरेस्ट डिसीज. अनेक दशकं तो त्याच परिसरात राहिला. मग २०१५ मध्ये गोव्याच्या सत्तरी तालुक्यात, २०१६ मध्ये दोडामार्ग तालुक्यात आणि पुढच्या वर्षी बांद्याच्या आसपास तो दिसला. गोव्यात काजूच्या बागांत काम करणाऱ्या मजुरांना त्याची लागण झाली होती. हे सगळं सह्याद्रीच्या पायथ्याचं, काजूच्या पट्ट्यातलं रान आहे, समुद्रकाठचं आगर नव्हे. वेंगुर्ल्याच्या माडाच्या बागेत आणि दोडामार्गच्या काजूच्या डोंगरात गोचिडीचा धोका सारखा नाही.

स्पायनिजेरा त्रियजमानी आहे, म्हणजे प्रत्येक जेवण वेगळ्या प्राण्यावर. अळी आणि निम्फ उंदीर, चिचुंद्री, पक्षी, वानर, माकड यांच्यावर जगतात आणि वाटेत माणूस आला तर त्यालाही सोडत नाहीत. प्रौढ मात्र मोठ्या जनावरांवर जातात: गाय, म्हैस, गवा. प्रौढ स्पायनिजेरा माणसाला सहसा चावत नाही. एकाच जातीत पोरं माणसाच्या मागे आणि आईबाप गाईच्या मागे, असा हा मामला.

तिचं वर्षाचं वेळापत्रक आपल्या शेतीच्या वेळापत्रकाला जवळपास जोडलेलंच आहे. पावसाच्या तोंडावर, जून-जुलैत प्रौढांचा जोर असतो आणि त्या रानात चरणाऱ्या गुरांवर चढतात. मादी फुगून खाली पडते, ओल्या पातेऱ्यात अंडी घालते. पाऊस ओसरला की अळ्या निघतात आणि ऑक्टोबर ते डिसेंबर त्यांचे दिवस. जानेवारीपासून मे महिन्यापर्यंत निम्फ. आता कोकणात जानेवारी ते मे काय चालतं ते आठवा. पातेरा गोळा करणं, कवळ तोडणं, तरव्यासाठी भाजवळ, लाकूडफाटा, मग काजू. वर्षात रानातल्या पालापाचोळ्यात हात घालायचं बहुतेक काम नेमकं निम्फच्या मोसमात येतं.

अळ्याही माणसाला चावतात, मग ताप ऑक्टोबरात का येत नाही? अळी अंड्यातून निघते तेव्हा तिच्यात सहसा विषाणू नसतो. तो तिला पहिल्या जेवणातून मिळतो, आजारी माकडाच्या किंवा उंदराच्या रक्तातून. ती निम्फ होते तेव्हा तो विषाणू तिच्या लाळेत असतो आणि दुसऱ्या जेवणाला ती आपल्याकडे येते. दिवाळीच्या सुमाराला पायावर उठलेल्या शेकडो बारीक ठिपक्यांनी जीव खाजून हैराण होतो, पण धोका कमी. फेब्रुवारीत एकच निम्फ चिकटली, खाजही आली नाही, तरी धोका जास्त.

माकडं मरण्याचा संबंधही इथेच आहे. विषाणूने वानर किंवा लाल तोंडाचं माकड मेलं की त्याच्या अंगावरच्या गोचिडी खाली उतरतात. अळ्या होत्या त्या तिथल्या तिथे कात टाकून निम्फ होतात आणि तो पाच-पन्नास पावलांचा तुकडा काही आठवड्यांत तापाचं ठिकाण बनतो. मेलेल्या माकडाला हात लावू नये, काठीने ढकलूही नये, जवळ उभं राहून फोटो तर नकोच. ग्रामपंचायत, वनरक्षक किंवा प्राथमिक आरोग्य केंद्र, जे आधी भेटेल त्याला कळवायचं. तिथे मॅलॅथिऑनची पूड मारतात. कुत्र्यांना आणि गुरांना त्या बाजूला सोडू नये.

गुरांचा वाटा यात वेगळा आहे. गाईला हा ताप येत नाही आणि गाईच्या रक्तातून गोचिडीला विषाणूही फारसा मिळत नाही. पण रानात चरून आलेली गाय प्रौढ माद्यांना पोसते आणि त्या माद्या घराच्या वाटेवर, गडग्याच्या कडेला, मांगराभोवती पडतात. पुढच्या मोसमात तिथेच अळ्या निघतात. गाय आजार आणत नाही, पण गोचिडीचं बियाणं गावात आणते.

फवारणीचा हिशोब म्हणून दोन जातींसाठी वेगळा पडतो. मायक्रोप्लससाठी गाय फवारली की अळी, निम्फ, प्रौढ तिन्ही एकदम सापडतात, कारण तिन्ही गाईवरच असतात. स्पायनिजेरासाठी गाय फवारून फक्त प्रौढ मरतात, तेही जूनच्या आसपास फवारलं तर. फेब्रुवारीत ताप आल्यावर गोठे फवारणं ही घाईगर्दीतली समजूत आहे. त्याने गुरांचं भलं होतं, पातेऱ्यातल्या निम्फला काही होत नाही. गुरांसाठी अॅमिट्राझ १२.५ टक्के वापरायचं असेल तर एका लिटर पाण्यात २ मिली, आणि मोठ्या जनावराला तीन-चार लिटर द्रावण लागतं. आधी पोटभर पाणी पाजावं म्हणजे जनावर अंग चाटत नाही. ऊन उतरल्यावर, हातमोजे घालून, कानाच्या आत, शेपटीखाली आणि मांड्यांच्या बेचक्यात कापडाने लावावं. कासेला लावलं असेल तर दूध काढण्याआधी धुवावं. पंधरा दिवसांनी पुन्हा. सगळ्यात जास्त चुकतं ते इथे: एक बाटली पाच गुरांत पुरवण्यासाठी पाणी वाढवतात. अर्धवट मात्रेत वाचलेल्या गोचिडींचीच पुढची पिढी होते आणि दोन वर्षांनी तेच औषध लागू पडेनासं होतं. डेल्टामेथ्रिन या दुसऱ्या गोचीडनाशकाला न जुमानणाऱ्या गाईच्या गोचिडी देशात अनेक ठिकाणी सापडल्या आहेत.

रानातल्या बाकीच्या जाती थोडक्यात. हीमाफायसॅलिस टर्टुरिस ही स्पायनिजेराची चुलत बहीण, तिची निम्फही माणसाला चावते आणि तिच्यातही हा विषाणू मिळालेला आहे. हीमाफायसॅलिस बिस्पिनोसा शेळ्या-गुरांवर, कुत्र्यांवर, माणसावर अधूनमधून. रिपिसेफॅलस हीमाफायसॅलॉइड्सचे प्रौढ गुरांवर आणि शेळ्यांवर असतात, पण रानात माणसालाही धरतात. रानडुकरांच्या वावराच्या जागी डर्मासेंटर ऑरॅटस असते. पश्चिम घाटात तिचे प्रौढ डुकरावर सापडतात, निम्फ माणसावर, आणि तिला माणसाच्या कानात शिरायची खोड आहे. कानात खुडबुड आणि ठणका लागला तर घरी चिमटा घालून खटपट करू नये, कान-नाक-घशाच्या डॉक्टरकडे जावं. घोरपड आणि धामण यांच्या खवल्यांखाली नक्षीदार, लांब तोंडाची अॅम्ब्लियोमा गर्वेसी असते. दिसायला भीतीदायक, पण सरपटणाऱ्या प्राण्यांवर जगणारी. सर्पमित्रांच्या हाताला ती लागते, चिकटते क्वचितच. उडत्या खारीच्या ढोलीत राहणारी इक्सोडिस आपल्याला भेटतच नाही, कारण ती ढोली सोडत नाही आणि आपण ढोलीत राहत नाही.

आता शिकार गाठायची पद्धत. स्पायनिजेरासारख्या जाती दबा धरून बसतात. गवताच्या किंवा वाळक्या पानाच्या टोकाशी जाऊन पुढचे दोन पाय हवेत पसरतात. त्या पायांवर एक बारीक खळगा असतो, हॅलरचं इंद्रिय. त्याने श्वासातला कार्बन डायऑक्साइड, ऊब आणि वास कळतो. अंग घासलं की पाय अडकवून वर चढायचं, बस. गोचीड उडी मारत नाही, तिला पंखही नसतात, आणि काजूच्या झाडावरून ती अंगावर टपकतही नाही. मानेवर सापडते कारण ती पायावरून चढत गेलेली असते, किंवा पातेऱ्याचा भारा डोक्यावर घेतलेला असतो.

हायलोमाची पद्धत वेगळी. लांब, पट्टेदार पाय, डोळे, आणि ती दबा धरत नाही, चालून येते. जमिनीत दडलेली असते, हालचाल आणि श्वास जाणवला की माणसाच्या मागे मीटरच्या मीटर धावते. हायलोमा अॅनाटोलिकम ही कोरड्या मुलखातली, तिला कोकणची दमट हवा तितकी मानवत नाही. पण घाटावरून आणलेल्या गुरांवर ती येऊ शकते. २०११ मध्ये गुजरातेत क्रायमीन-काँगो रक्तस्रावी तापाचे रुग्ण सापडले, त्या विषाणूची वाहक हायलोमा आहे. बाजारातून जनावर आणलं तर गोठ्यात घेण्याआधी आठवडाभर वेगळं बांधावं. लालसर काळी, पट्टेदार पायांची गोचीड दिसली तर उघड्या हाताने ओढू नये. या तापाचा विषाणू गोचीड चिरडल्यावर आणि आजारी जनावराच्या रक्तातूनही लागतो.

घरात सापडणारी गोचीड जवळपास नक्की कुत्र्याची असते: रिपिसेफॅलस सँग्विनियस गटातली तपकिरी गोचीड. हीसुद्धा त्रियजमानी, पण तिचे तिन्ही यजमान म्हणजे तोच कुत्रा तीन वेळा. जेवण झालं की उतरायचं, फटीत कात टाकायची, पुन्हा त्याच कुत्र्यावर चढायचं. चिऱ्याच्या भिंतीची भोकं तिच्यासाठी जणू बांधून दिलेल्या खोल्याच. उतरल्यावर ती वर चढते, म्हणून पडवीच्या कोपऱ्यात, वाशांच्या खाचेत, तसबिरीच्या मागे सापडते. मादी हजारोंनी अंडी घालते आणि प्रौढ गोचीड उपाशीपोटी वर्षभराहून जास्त काढू शकते. घर बंद ठेवून मुंबईला गेलात आणि मे महिन्यात आलात, तर ती वाट बघत असते.

माणसाला ती चावते का? एरवी फार कमी. तिला कुत्रा हवा असतो आणि कुत्रा असताना ती आपल्याकडे बघत नाही. पण दोन गोष्टींनी हे बदलतं. कुत्रा नाहीसा झाला, म्हणजे मेला किंवा दुसरीकडे नेला, की भिंतीतल्या उपाशी गोचिडी माणसावर येतात. दुसरी गोष्ट उष्णता. २०२० मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या संशोधकांनी एका बाजूला कुत्रा आणि दुसऱ्या बाजूला माणूस ठेवून ही गोचीड कुणीकडे जाते ते बघितलं. सुमारे २३ अंश सेल्सियसला ती कुत्र्याकडे वळत होती, ३८ अंशांच्या आसपास माणसाकडे वळण्याचं प्रमाण बरंच वाढलं, आणि उष्ण प्रदेशातल्या प्रकारात हा फरक जास्त ठळक होता. रत्नागिरीची हवा ३८ अंशांना क्वचितच पोचते, पण एप्रिलच्या दुपारी पत्र्याखालची खोली पोचते. तिच्या चाव्यातून टिक टायफस या तापाचे जंतू जाऊ शकतात, म्हणून घरातली गोचीड म्हणजे नुसती किळस असं नाही.

तिचा बंदोबस्त कुत्र्यापासून सुरू होतो. पशुवैद्यकाकडून तोंडावाटे द्यायची गोळी घ्यावी, काही महिनाभर टिकतात, काही बारा आठवडे. कुत्रा दुसरीकडे नेऊन सोडू नये, कारण औषध दिलेला कुत्रा हाच फटींतल्या गोचिडींसाठी चालता-फिरता सापळा असतो. त्याला चावून त्या मरतात. निदान तीन महिने सलग औषध चालू ठेवावं, मध्ये अंगावर दिसेनाशा झाल्या म्हणून थांबू नये, फटीत अंडी शिल्लक असतात. चिऱ्याच्या सांध्यांना गिलावा भरून घेतला तर निम्मं काम होतं. घरात मांजर असेल तर परमेथ्रिनचा कुठलाही प्रकार कुत्र्याला लावू नये, मांजराला ते विषासारखं आहे.

कोंबड्यांच्या खुराड्यातली अर्गास पर्सिकस अगदी वेगळ्या घराण्यातली, मऊ कातडीची. दिवसा बांबूच्या फटीत, रात्री बाहेर. प्रौढ अर्ध्या तासात पिऊन परत जाते. खुराड्याशेजारी झोपणाऱ्याला सकाळी लाल-निळसर गांधी दिसतात आणि गोचीड कुठेच दिसत नाही, म्हणून दोष ढेकणांना जातो. खुराडा घराच्या भिंतीपासून दूर नेला की प्रश्न संपतो.

इंटरनेटवर गोचिडीबद्दल जे वाचायला मिळतं त्यातलं बरंच अमेरिकेतल्या जातींबद्दल असतं. तिथली लोन स्टार ही अॅम्ब्लियोमा तिन्ही टप्प्यांत माणसाला चावते आणि मागेही लागते. तिथल्या कुत्र्याच्या डर्मासेंटरचे मुख्यतः प्रौढच चावतात. लाइम हा जिवाणूचा आजार पसरवणारी काळ्या पायांची इक्सोडिस तर भारतात नाहीच. 'चोवीस तासांत काढली तर काही होत नाही' हा सल्ला तिथूनच आलाय, आणि तो लाइमच्या जिवाणूपुरता आहे, कारण त्या जिवाणूला गोचिडीच्या आतड्यातून लाळेपर्यंत यायला वेळ लागतो. गोचिडीतून येणारे विषाणू आधीच लाळेत असतात. आपल्याकडे चोवीस तासांची सवलत धरू नये.

आपल्या बागेत काय आहे ते बघायचं असेल तर सोपा उपाय आहे. एक मीटर लांब, एक मीटर रुंद पांढरं खरबरीत कापड घ्या, फ्लॅनेल उत्तम, जुना पांढरा टॉवेलही चालेल. एका कडेला काठी शिवा, काठीच्या दोन टोकांना दोरी बांधा आणि पातेऱ्यावरून हळू ओढत जा. दर दहा-पंधरा पावलांना थांबून कापड उलटं करून बघा, नाहीतर चढलेल्या परत पडतात. दंव सुकल्यावर, साडेआठ-नऊ वाजता ओढावं. ओल्या कापडाला गोचीड चिकटत नाही आणि भर दुपारी त्या पातेऱ्याच्या तळाशी गेलेल्या असतात. कापड रिकामं आलं म्हणून निर्धास्त होऊ नका: कापडावर फक्त दबा धरणाऱ्या येतात, हायलोमा आणि खुराड्यातली यायच्या नाहीत. ओढणाऱ्याने अर्थातच नंतर स्वतःचं अंग तपासायचं.

रानात जाताना फिक्या रंगाची पूर्ण विजार, तिचे पाय मोज्यांत खोचलेले, बाह्या लांब. उघड्या अंगाला किडे दूर ठेवणारं डीईईटी २० ते ३० टक्क्यांचं मलम किंवा ग्वाल्हेरच्या संरक्षण संशोधन प्रयोगशाळेने काढलेलं डेपा तेल, कर्नाटकात माकडतापाच्या गावांत ते वाटतात. घामाने ते उतरतं, म्हणून दुपारच्या जेवणाआधी पुन्हा लावावं. करंजेल किंवा कडुनिंबाचं तेल लावून दिवसभर काम करणं पुरेसं नाही. पातेरा घरी आणल्यावर लगेच पडवीत रचू नये. खळ्यात एक-दोन दिवस कडक उन्हात पातळ पसरावा. गोचिडीला ओल हवी असते, कोरड्या उन्हात ती सुकून मरते. भारा डोक्यावर घ्यायचा तर डोक्याला आणि मानेला पंचा घट्ट गुंडाळावा.

घरी आल्यावर कपडे खुंटीला लावू नयेत. थंड पाण्यात भिजवूनही गोचीड मरत नाही, तासन् तास तगते. कडकडीत गरम पाणी ओतावं किंवा तापलेल्या पत्र्यावर उन्हात टाकावेत. मग साबणाने खरबरीत कापड घासून आंघोळ, आणि अंग तपासणं. गोचीड वर चढत जाते आणि घट्ट काही आडवं आलं की थांबते: नाडीखाली, करगोट्याजवळ, काष्ट्याच्या घडीत, मोज्याच्या वरच्या काठाशी. शिवाय गुडघ्यामागे, जांघेत, बेंबीत, काखेत, कानामागे आणि केसांच्या मुळाशी. पाठ दुसऱ्याने बघायची. निम्फ अंगावरच्या तिळासारखी दिसते, फरक एवढाच की नवीन तीळ काल नव्हता.

चिकटलेली काढायला टोकदार चिमटा लागतो, भुवयांचा चपट्या टोकाचा नव्हे. कातडीला अगदी लागून तोंडाजवळ पकडा, पोटाला नाही. पोट दाबलं तर आतलं सगळं आपल्या अंगात जातं. सरळ वर, एकसारखा, हळू ताण द्या. झटका नको, पीळ नको. हीमाफायसॅलिसचं तोंड आखूड असतं, ती लवकर सुटते. अॅम्ब्लियोमा आणि हायलोमाचं तोंड लांब, तिथे धीर लागतो. तोंडाचा तुकडा राहिलाच तर सुईने उकरू नका, कातडी तो आपोआप बाहेर टाकते. चिमटा नसेल तर दोऱ्याचा फास तोंडाभोवती आवळून तसाच वर ओढा. मग साबण-पाणी आणि पोव्हिडोन आयोडिन. रॉकेल, चुना, तंबाखूचं पाणी, खोबरेल, पेटती अगरबत्ती यांनी गोचीड तोंड सोडत नाही, उलट गुदमरून लाळ ओकते. नखावर चिरडायची जी सवय आहे ती तर सोडाच. अळ्यांचा पूर्ण ताफा अंगावर असेल तर एकेक काढत बसू नका, चिकटपट्टी दाबून उचला.

माकडतापाचा ताप चावल्यानंतर साधारण तीन ते आठ दिवसांनी एकदम चढतो. डोकं फुटेल असं दुखणं, अंगदुखी, डोळे लाल, उलट्या, काहींना हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त. उतरल्यावर आठ-पंधरा दिवसांनी काहींना पुन्हा ताप येतो, तेव्हा मेंदूची लक्षणं दिसतात. दगावण्याचं प्रमाण ३ ते ५ टक्के. यावर नेमकं औषध नाही, सलाइन आणि देखभाल वेळेत मिळणं हेच औषध. पूर्वीची लस आता देत नाहीत. तापावर पॅरासिटामॉल चालेल, अॅस्पिरिन आणि दुखण्याच्या इतर गोळ्या स्वतःच्या मनाने घेऊ नयेत, रक्तस्राव वाढतो. डॉक्टरला तीन गोष्टी न विचारता सांगाव्यात: रानात कधी गेलो, गोचीड सापडली का, आसपास माकड मेलं का. पहिल्या काही दिवसांत रक्ताची आरटी-पीसीआर तपासणी उपयोगी, नंतर आयजीएम, म्हणजे रक्तातल्या प्रतिपिंडांची तपासणी.

काळी खपली पडलेला, न दुखणारा चट्टा दिसला तर तोही दाखवावा, विशेषतः काखेत किंवा जांघेत. तो बऱ्याचदा गोचिडीचा नसतो. चिगर नावाच्या माइटच्या, म्हणजे गोचिडीसारख्याच पण फार बारीक जिवाच्या अळीचा असतो आणि आजार स्क्रब टायफस असतो. टिक टायफसमध्येही असा चट्टा येऊ शकतो, शिवाय तळहात-तळपायांवर पुरळ येतं. दोन्हींवर डॉक्सिसायक्लिन लागू पडतं, म्हणून चट्टा दाखवला तर उपचार लवकर सुरू होतो. माकडतापावर ते चालत नाही.

काढलेली गोचीड फेकू नका. इंजेक्शनच्या रिकाम्या बाटलीत स्पिरिट घालून तिच्यात टाका. जात ओळखायची असेल तर पशुवैद्यक सूक्ष्मदर्शकाखाली बघून सांगू शकतो: हीमाफायसॅलिसला डोळे नसतात आणि तोंडाशेजारचे तुकडे बाहेर पसरलेले दिसतात, रिपिसेफॅलसच्या तोंडाचा पाया षटकोनी असतो. बाटलीवर पेनने लिहिलं तर स्पिरिट सांडून शाई पुसली जाते. तारीख, जागा, आणि कुणाच्या अंगावरून काढली ते शिसपेन्सिलीने कागदाच्या चिठ्ठीवर लिहून ती चिठ्ठी बाटलीच्या आतच टाकावी.